'दूसरा': शब्द, चेंडू आणि कोपराचे १५ अंश

चर्चेसाठी प्रश्न

ऑफस्पिनरचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजाकडे आत वळतो. त्याच्या उलट, बाहेर वळणाऱ्या चेंडूसाठी वर्तमानपत्रांत 'दूसरा' आणि 'दुसरा' अशी दोन्ही रूपं दिसतात. यातलं बरोबर कोणतं? आणि 'दूसरा हा अवैध चेंडू' असं सरसकट लिहिलेलंही वाचायला मिळतं. क्रिकेटच्या नियमांत या चेंडूवर खरंच बंदी आहे का?

प्रतिसाद

आधी शब्दाचं बघू. मराठी क्रमवाचक 'दुसरा' ऱ्हस्व उकाराचा, आणि हा चेंडू मात्र उर्दूतून नाव घेऊन आला आहे. पाकिस्तानचा ऑफस्पिनर सकलेन मुश्ताक गोलंदाजी करताना यष्टिरक्षक मोईन खान मागून 'दूसरा' टाकायला सांगत असे, आणि समालोचक टोनी ग्रेगमुळे ते नाव जगभर पोचलं. नाव म्हणून आलेला शब्द मूळ रूपात, म्हणजे दीर्घच ठेवावा.

याला व्यावहारिक कारणही आहे. 'त्याने षटकात दुसरा टाकला आणि फलंदाज चकला' यात षटकातला दुसरा चेंडू की हा विशिष्ट चेंडू, ते कळत नाही. सामान्यरूपातही तेच होतं. 'दुसऱ्यावर बाद झाला' म्हटलं की वाचक अडखळतो, 'दूसरावर बाद झाला' म्हटलं की प्रश्न मिटतो. गुगली (लेगस्पिनरचा उलट वळणारा चेंडू) जशी आपण 'गुगलीवर' म्हणतो, तसं. अनेकवचन मात्र 'दूसरे' असं सहज होतं: 'एका षटकात दोन दूसरे टाकले.'

प्रतिसाद

बंदीबद्दल: नियमांत कुठल्याही फिरकी चेंडूचं नावच नाही. बंदी आहे ती चेंडू *फेकण्यावर*. सध्याच्या नियमावलीतला २१वा नियम सांगतो की हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर अंशतः किंवा पूर्ण सरळ होता कामा नये. मनगट वाकवायला किंवा फिरवायला पूर्ण मुभा आहे.

इथे मराठी लेखनात नेहमी होणारी गफलत: 'हात वाकवून टाकतो म्हणून अवैध'. कोपर वाकलेलं असणं हा दोष नाही, वाकलेलं कोपर त्या क्षणांत *सरळ होणं* हा दोष आहे. हात खांद्याच्या रेषेत असताना कोपर ३० अंश वाकलेलं आणि चेंडू सुटताना २२ अंश असेल तर फरक ८ अंश, म्हणजे १५ अंशांच्या सवलतीच्या आत, चेंडू वैध. तेच १८ अंशांवरून पूर्ण सरळ झालं तर फरक १८, चेंडू अवैध. आणि गंमत अशी की सीमारेषेवरून पाहणाऱ्याला हा दुसरा गोलंदाजच 'सरळ हाताचा' वाटतो. श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुरलीधरन याचं कोपर जन्मतः पूर्ण सरळ होत नाही, म्हणून एखादं छायाचित्र दाखवून त्याच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आयसीसीने २००५च्या मार्चपासून सर्व गोलंदाजांसाठी १५ अंशांची सवलत ठेवली. त्याआधी वेगवान गोलंदाजाला १०, मध्यमगतीला ७.५ आणि फिरकीला ५ अंश अशी विभागणी होती. २००४मध्ये मुरलीधरनच्या दूसराबद्दल सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी अहवाल दिला, पर्थमध्ये चाचणी झाली आणि कोपर १४ अंशांपर्यंत सरळ होत असल्याचं दिसलं. सुधारणेनंतर तो आकडा सुमारे १०वर आला, तरी ५च्या वरच होता. त्यामुळे तो चेंडू टाकू नये असं त्याला सांगण्यात आलं. वर्षभराच्या आत मर्यादाच बदलली आणि तोच चेंडू वैध ठरला. म्हणून 'अवैध दूसरा' लिहिताना कोणाचा आणि कधीचा, हे सांगणं आवश्यक आहे.

प्रतिसाद

नियमाचं पटलं. पण दूसरावर इतका संशय का, याचं उत्तर शरीररचनेत आहे आणि ते टाळून चालणार नाही.

उजव्या हाताच्या ऑफस्पिनरचा नेहमीचा चेंडू, म्हणजे ऑफब्रेक, गोलंदाजाच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. दूसरा उलट फिरला पाहिजे, आणि तोही त्याच पकडीतून, त्याच धावेतून. त्यासाठी चेंडू सुटताना हाताची मागची बाजू फलंदाजाकडे यावी लागते. लेगस्पिनर गुगलीला हे मोकळ्या मनगटाने करतो. ऑफस्पिनरची मुख्य ताकद बोटांत असते. त्याला कोपरापुढचा हात आत पिळून, मनगट घट्ट धरून, खांदाही आत फिरवावा लागतो. या स्थितीत सरळ हाताने फिरकी देणं फार अवघड, म्हणून कोपर नकळत वाकतं आणि सुटण्याच्या वेळी झटक्याने उघडतं. फिरकी आणि वेग दोन्ही त्या झटक्यातून मिळतात.

झटका काढून टाकला की काय बिघडतं तेही ठरलेलं आहे: चेंडू हळू येतो, तरंगतो, टप्पा पुढे पडतो आणि वळण उरत नाही. २०१४मध्ये निलंबित झालेला पाकिस्तानचा सईद अजमल शैली बदलून २०१५मध्ये परतला, पण आधीची धार परत आली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या योहान बोथाला तर २००९मध्ये फक्त दूसरा टाकायची मनाई झाली, बाकीचे चेंडू वैध ठरले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या जुन्या-जाणत्या फिरकीपटूंनी ब्रिस्बेनच्या बैठकीत हा चेंडू तरुणांना शिकवू नये अशी भूमिका घेतली. माझ्या मते ती भूमिका योग्य होती, निदान वाढत्या वयाच्या मुलांसाठी.

प्रतिसाद

शिकवू नये याला माझा विरोध आहे. शिकवताना मोजलं पाहिजे, एवढंच. आधी अर्ध्या अंतरावरून, धाव न घेता, मनगट आधीच आत फिरवून ठेवून चेंडू सोडायचा आणि बाजूने जलद चित्रण करायचं. कोपर उघडताना दिसलं की वेग कमी करायचा, फिरकी नाही. मात्र अशा चित्रणावरून १४ आणि १६ अंशांतला फरक कळत नाही. अधिकृत चाचणीत हातावर खुणा चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी त्रिमितीय मोजमाप होतं, आणि तिथे टाकलेले चेंडू सामन्यातल्याच वेगाचे आणि फिरकीचे आहेत ना, तेही तपासतात.

प्रतिसाद

परिणामकारकतेबद्दल एक उदाहरण पुरेसं आहे. चेन्नई, १९९९, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. भारताला विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने हैराण सचिन १३६वर असताना सकलेनला लेगच्या बाजूला उचलायला गेला, चेंडू उलटा गेला, कड लागून मिडऑफच्या वसीम अक्रमकडे झेल. २५४ला सातवा गडी, २५८ला डाव संपला.

हेच या चेंडूचं मर्म. फलंदाज ऑफब्रेकच्या वळणाबरोबर बॅट आडवी फिरवतो, तेव्हा दूसरा सर्वांत घातक. सरळ बॅटने, टप्प्यावर जाऊन खेळणाऱ्याला तो तितका त्रास देत नाही. डावखुऱ्याला तो आत येतो, तिथे पायचीत आणि त्रिफळा हे मार्ग उघडतात. षटकात चार-पाच वेळा टाकला की फलंदाज मनगट वाचायला शिकतो आणि मग ऑफब्रेकही बोथट होतो.

प्रतिसाद

कॅरम बॉललाही काही जण दूसरा म्हणतात, ते चूक आहे. कॅरम बॉल वाकवलेल्या मधल्या बोटाने आणि अंगठ्याने टिचकी मारल्यासारखा सुटतो. हात आत पिळावा लागत नाही, त्यामुळे कोपराचा प्रश्न जवळपास येतच नाही. श्रीलंकेच्या अजंथा मेंडिसने २००८च्या आशिया चषक अंतिम सामन्यात भारताचे ६ बळी १३ धावांत घेतले ते याच जातकुळीच्या गोलंदाजीवर. आर्म बॉलही वेगळा, तो वळत नाही, हाताच्या दिशेने निघून जातो.

प्रतिसाद

बातमी लिहिणाऱ्यांनी 'संशयास्पद शैली' आणि 'अवैध शैली' यांत भेद पाळावा. पंचांनी अहवाल दिला की शैली *संशयास्पद*. चाचणीत १५ अंशांपुढे गेली की *अवैध*, आणि मग निलंबन. हरभजनच्या दूसराबद्दल २००४मध्ये अहवाल गेला होता आणि पुढे त्याला मोकळीक मिळाली. त्या मधल्या काळात 'अवैध' लिहिणं त्याच्यावर अन्याय होता.