शास्त्र वाचताना, प्रार्थना करताना काय उमगलं? (अनुभव धागा)

जय ख्रिस्त मंडळी,

साक्षी आपण दर रविवारी ऐकतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, कोर्टातली केस सुटली. त्या साक्षींना त्यांची जागा आहे, पण या धाग्यात नको. इथे लिहायचंय ते वाचनाबद्दल. कुठलं पुस्तक, कुठला अध्याय, कुठे अडलात, कुणाबरोबर वाचलंत, आणि त्यानंतर प्रार्थनेत काय बदललं. प्रोटेस्टंट, कॅथलिक, कुणीही लिहा. फक्त "रोज वाचा, आशीर्वाद मिळेल" एवढं लिहून पळू नका.

सुरुवात मीच करते. गेल्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) आमच्या बायबल वर्गाने मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत, मोठ्याने, पाळीपाळीने वाचून काढलं. १६ अध्याय. पावणेदोन तास लागले, मध्ये चहा धरून. तुकड्यातुकड्यांनी ते लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे कोणती गोष्ट कुणाच्या शेजारी बसलीये हे कधी पाहिलंच नव्हतं. आठव्या अध्यायात शिष्य होडीत भाकरीवरून कुजबुजतात आणि येशू विचारतो, अजून तुम्हांला समजत नाही का? लगेच पुढे बेथसैदाचा आंधळा. येशू त्याला हात लावतो तर त्याला माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर सगळं स्पष्ट दिसतं. दोन टप्प्यांत बरा झालेला माणूस शुभवर्तमानांत हा एवढाच. आणि त्याच्या पाठोपाठ शिष्य पेत्र! आधी "आपण ख्रिस्त आहात" म्हणतो, आणि येशूने दुःख सोसायची गोष्ट काढताच त्यालाच बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे पेत्रालाही अजून झाडंच दिसत होती.

हे दाखवलं आमच्या वर्गातल्या सातवी शिकलेल्या आजींनी. माझ्याकडे बायबलवरच्या भाष्यग्रंथांनी भरलेलं कपाट आहे, तरी. तेव्हापासून प्रार्थनेत "प्रभू, मला समजलं" म्हणायच्या आधी मी जरा थांबते.

आता तुम्ही.

नगरहून, निवृत्त शिक्षक

आमच्या घरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना चुकत नसे. आधी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन, मग एक अध्याय, मग वडिलांची प्रार्थना. त्यात सगळ्या नातेवाइकांची नावं यायची आणि आम्ही पोरं पेंगायचो. वडील अध्याय गाळत नसत. मत्तयाचा पहिला अध्याय आला की अब्राहामापासूनची सगळी वंशावळ ऐकावी लागे. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. हसू दाबताना पोटात दुखायचं.

चाळिशीनंतर मी स्वतः शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) घेऊ लागलो तेव्हा त्याच यादीत चार बायका भेटल्या. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. एकीने सासऱ्याला कोंडीत पकडून न्याय मिळवला, दुसरी यरीहोची वेश्या, तिसरी मवाबी विधवा. चौथीचं तर नावसुद्धा मत्तय घेत नाही, नवऱ्याच्या नावाने ओळख देतो, म्हणजे दावीद राजाने उरीयाला मारवून तिला बायको केलं हे कुणी विसरू नये. राजाच्या वंशावळीत अशी माणसं कोण मुद्दाम लिहितं? मुलांना हे शिकवलं त्या रविवारी एका पालकांनी तक्रार केली. मी त्यांना तामारेची गोष्ट असलेला उत्पत्तीचा ३८वा अध्याय वाचून यायला सांगितलं. परत तक्रार नाही आली. वर्गातही नाही आले, ते सोडा.

वसईहून

आम्ही कुपारी कॅथलिक. माझ्या आजीच्या लहानपणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये व्हायचा. लोक तेवढा वेळ आपापली रोझरी (मरियेची जपमाळ) करत बसायचे. घरात बायबल नव्हतंच. ते फादरांचं पुस्तक, आपलं नव्हे, अशी समजूत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांनीही शास्त्र वाचावं असं सांगितलं, उपासना मराठीत आली, तरी घराघरांत बायबल उघडायला आणखी एक पिढी गेली. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आलं तेव्हा आईने त्याला आधी कव्हर घातलं आणि शोकेसमध्ये ठेवलं!

मला वाचायला शिकवलं एका रिट्रीटमधल्या (प्रार्थना-शिबिरातल्या) सिस्टरांनी. येत्या रविवारचा उतारा गुरुवारीच घ्यायचा. एकदा सरळ वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द अडेल तिथे थांबायचं. मग त्यावर देवाशी बोलायचं, आणि शेवटी बोलणंही बंद करायचं. मठांतून ही पद्धत शतकानुशतकं चालत आलीये, वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. सिस्टर म्हणाल्या, चौथी पायरी आली नाही तर ओढून आणू नका, भाजी चिरायला घ्या.

आमच्याकडे उतारे तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. त्यामुळे लूकमधल्या बहिणी मार्था-मरिया (एक घरकामात, दुसरी येशूचं ऐकत बसलेली) मला दर तीन वर्षांनी भेटतात. मुलं लहान होती तेव्हा मार्थेची बाजू घेऊन मी येशूशी भांडले होते. या खेपेला लक्षात आलं की मार्थाही भांडतेच आहे, सरळ त्याच्या तोंडावर. तीही प्रार्थनाच की. रोझरी अजून आहेच. ऑक्टोबरात वाडीतल्या घरोघरी फिरते. पण आता "प्रणाम मरिये" म्हणताना त्यातले पहिले शब्द गब्रिएल दूताचे, नंतरचे मरियेच्या नातलग अलिशिबेचे, हे सगळं लूकच्या पहिल्या अध्यायातून येतंय हे माहीत असतं. ओठ चालतात आणि मनाला बघायला काहीतरी असतं.

पिंपरी, शिफ्टवाला

नीतिसूत्रांचे अध्याय ३१. तारखेप्रमाणे एक. कंपनीच्या बसमध्ये कानात घालून ऐकतो. नाइट शिफ्टहून येताना डोळे मिटत असतील तर स्तोत्र ११७. दोनच वचनं आहेत. देवाला चालतं.

पुण्याहून

वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता मीही फ्रिजवर लावला होता. ११८९ अध्याय, रोज तीन-चार. उत्पत्ती, निर्गम झकास जातात. मग लेवीय. महारोगाची तपासणी, भिंतीवरची बुरशी, कोणता पक्षी खायचा. ऑफिसातल्या टार्गेटसारखं टिक करत सुटलो होतो. तक्ता काढून टाकला आणि शनिवारी दोन मित्रांबरोबर लेवीयच वाचायचं ठरवलं, जेमतेम अर्धा अध्याय, पण भांडत.

एकोणिसाव्या अध्यायाला तीन शनिवार गेले. शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांना आणि परक्यांना ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. "आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती कर" हे वचन येशूने इथूनच उचललंय, आणि त्याच्या मागेपुढे मजुरी आणि वजनमापं आहेत. आमच्यातल्या एकाचं फ्लॅटचं काम चालू होतं. त्याने तिथेच बसून गवंड्याला पैसे पाठवले, आणि मगच आम्ही शेवटची प्रार्थना केली.

संगमनेर तालुका, शेतकरी

वरच्या पुणेकरांना सांगतो, कोपरे ठेवायचं काय ते आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. लहानपणी आई दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची, मी मागं. बाजरी काढून नेली की पडलेली कणसं. भुईमूग उपटला की ढेकळात राहिलेल्या शेंगा, त्या उकरायच्या. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. काही मालक हाकलायचे. काही बघून न बघितल्यासारखं करायचे.

रूथच्या दुसऱ्या अध्यायात रूथ असाच सरवा वेचते, तेव्हा शेतमालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून थोडं मुद्दाम ओढून टाका आणि तिला दटावू नका. पाळकसाहेब यावर बोलले ते सगळं बवाज म्हणजे ख्रिस्ताचं चिन्ह, याच्यावर. असेल. पण मला 'मुद्दाम टाका' एवढ्यावरच रडू आलं, कारण तसं टाकणारा एक मालक मी पाहिलेला. धर्माने आमचा नव्हता तो. आता माझी सव्वादोन एकर आहे. सोयाबीन निघालं की बायकांना येऊ देतो. माझी प्रार्थना फार लांब नसते. लूकमधल्या जकातदाराची ती एका ओळीची, 'देवा, मज पाप्यावर दया कर', तीच पाठ आहे.

मुंबई

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली आहे. लिहिलं तर चालेल ना? लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना त्यांच्या नवऱ्याला, ना. वा. टिळकांना, रेल्वेत भेटलेल्या त्या अनोळखी प्रवाशाने दिलेल्या नव्या कराराबद्दल कळलं, म्हणून मत्तय पाच ते सात उघडले. टिळकांनाही त्यातल्याच डोंगरावरच्या प्रवचनाने ओढलं होतं. सहाव्या अध्यायात खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर, असं आहे. आमच्या दोन खोल्यांत सात माणसं. दार लावायची सोयच नाही. मी लोकलमध्ये डोळे मिटते.

*(धागाकर्ती: चालेल काय, धावेल. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीत तुकोबा किती आहेत हे तुम्हीच आम्हाला समजावून सांगाल.)*

छत्रपती संभाजीनगर

माझे मिस्टर करोनात गेले. त्या वेळी भेटायला कुणी येत नव्हतं, नंतर आले ते वचनं घेऊन आले. सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. प्रभूने दिलं, प्रभूने घेतलं. फोनवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर एक वचन. मी बायबल बंद करून ठेवलं.

आमच्या स्त्री मंडळातल्या एक बाई बऱ्याच दिवसांनी आल्या. काही बोलल्या नाहीत. पिशवीतून चष्मा काढला, स्तोत्र ८८ वाचलं आणि गेल्या. ते स्तोत्र तुम्ही चर्चमध्ये ऐकलंय का? मी नव्हतं ऐकलं. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी तरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावरच संपतं. आणि तरीही ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मग मी ईयोब वाचायला घेतला, सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब!

आता मी देवाशी जे बोलते ते मंडळीत मोठ्याने म्हणता येणार नाही. पण बोलते. फुलांच्या चित्रांचा ग्रुप म्यूट आहे.

दौंडजवळून

पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, छापखाना तिथल्या मुली-बायकांनी चालवला. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी हवं हा रमाबाईंचा हट्ट होता. त्या १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल १९२४ला निघालं. पणजीकडून आमच्याकडे आलीये ती प्रार्थनेची वही. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं. उत्तर मिळालं की तारीख. बरीच नावं तारखेवाचून आहेत, पणजीने ती खोडली नाहीत. मी तीच पद्धत ठेवलीये.

मस्कतहून, नर्स

इथे उपासना शुक्रवारी असते, सुट्टी त्या दिवशी म्हणून. मराठी मंडळी थोडीच. निघताना सगळ्यांनी मला यिर्मया २९:११ लिहिलेली भेट दिली होती, कल्याणाचे संकल्प, आशा, भविष्य. भिंतीवर तीच. एकदा अख्खा अध्याय वाचला. ते पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना. सत्तर वर्षं लागतील, असं त्याच पत्रात दहाव्या वचनात आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार. तोवर काय? घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मी येऊन इतकी वर्षं झाली, प्रार्थना कायम गावाकडची. आईचे गुडघे, भावाचं लग्न, पाऊस. आता वॉर्डातली माणसं नावानिशी घेते, बलुची, मल्याळी, बंगाली, ओमानी. उच्चार चुकतात. बाल्कनीत कढीपत्ताही लावलाय, यिर्मयाच्या हुकुमाने. धागाकर्त्या ताई, पुढचा वर्ग ऑनलाइन घेणार असाल तर तुमचे रात्रीचे साडेनऊनंतर ठेवा, आमची ड्यूटी त्याआधी सुटत नाही.