बागेतल्या मॉडेल रेल्वेचा विटलेला रंग परत आणता येईल का?

प्रश्न
नमस्कार. बागेत ४५ मिलीमीटरच्या रुळांवर धावणारे एक काळे वाफेचे इंजिन आणि चार लाल डबे माझ्याकडे आहेत. सात वर्षे ऊन-पाऊस सोसून डबे गुलाबट झाले आहेत आणि इंजिनावर राख फासल्यासारखी छटा आली आहे. डब्यावरून बोट फिरवले की बोटाला गुलाबी भुकटी लागते. काल छताचे स्क्रू काढले, तेव्हा वळचणीखाली बोटभर रुंदीची पट्टी मात्र अगदी पहिल्यासारखी गडद लाल दिसली आणि जीव हळहळला. डब्यांवरचे क्रमांक आणि सोनेरी रेघ अजून शाबूत असून ती मला घालवायची नाहीत. पुन्हा रंगच द्यावा लागेल, की आहे तोच रंग वर आणता येईल?

पहिले उत्तर
रंगाचा डबा उघडण्याआधी ओल्या कापडाने एक डबा आणि इंजिन पुसा आणि पृष्ठभाग ओला असतानाच नीट पाहा. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे रंगाचा किंवा प्लास्टिकचा वरचा थर झिजतो, रंगाचे कण सुटे होतात आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरल्यामुळे तो पांढुरका दिसतो. पाणी त्या बारीक खाचा भरून काढते. त्यामुळे ओले असताना मूळ रंग दिसला, तर बिघाड केवळ वरवरचा आहे. ओले असूनही डबा गुलाबीच राहिला, तर रंगद्रव्यच नष्ट झाले आहे आणि ते कोणत्याही पॉलिशने परत येणार नाही. काळ्या रंगात बहुधा काजळीच्या जातीचे कार्बनचे कण असतात, ते उन्हाला दाद देत नाहीत, म्हणून आपले इंजिन सुधारेल असे मला वाटते. लाल रंगातली बरीच रंगद्रव्ये मात्र उन्हात लवकर विटतात.

वरवरचा बिघाड असेल, तर मोटर आणि चाके वेगळी करून वरचा सांगाडा कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि प्लास्टिकसाठी मिळणारे पॉलिश सुती कापडाने लहान लहान वर्तुळांत चोळा. क्रमांक आणि रेघ यांच्यापासून कापड दूर ठेवा. सांगाड्याची आतली बाजूही पाहा. ती बाहेरच्याच रंगाची असेल, तर बहुधा प्लास्टिकच रंगीत आहे आणि सपाट भागावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह हलक्या हाताने फिरवता येईल. वरून रंग दिलेला असेल, तर तो मोह टाळा, कारण रिव्हेटच्या टोकांवरचा रंग आधी निघून जातो.

दुसरे उत्तर
दोन उपायांपासून मी आपल्याला कळकळीने सावध करतो. पहिला म्हणजे तेल किंवा गाडीच्या डॅशबोर्डला लावायचे सिलिकॉनचे द्रव. ते लावल्यावर डबा नवा दिसतो, पण ती चमक टिकत नाही आणि मागे राहिलेल्या सिलिकॉनवर पुढे रंग धरत नाही. माझ्या एका वॅगनवर नवा रंग मारताच माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडले आणि सगळा रंग खरवडून काढावा लागला. दुसरा म्हणजे हॉट एअर गन. अशा अनेक मॉडेलांसाठी वापरले जाणारे एबीएस प्लास्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि गनची हवा त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. पायऱ्या आणि कठडे क्षणात वाकतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत.

तिसरे उत्तर
पॉलिश झाल्यावर काम अर्धवट सोडू नका. अतिनील किरण शोषणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्या. कॅन २० ते २५ सेंटीमीटर अंतरावर धरा आणि दमट हवेत फवारू नका, नाहीतर वॉर्निशवर दुधी झाक येते. आधी डब्याच्या तळाशी थेंबभर लावून ते जुन्या रंगाला किंवा अक्षरांना विरघळवत नाही ना, हे तपासा. खिडक्यांच्या काचा काढून ठेवा आणि रुळांवरून वीज घेणारे भाग मास्किंग टेपने झाका, कारण वॉर्निश वीज वाहू देत नाही. वॉर्निशमधला अतिनील किरण शोषणारा घटकही काही वर्षांत संपतो, तेव्हा नवा हात द्यावा लागतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. इंजिन ओले करताच काळेभोर झाले. डब्यांची गंमत अशी की सावलीकडची बाजू ओली झाल्यावर गडद झाली, पण उन्हाकडची गुलाबीच राहिली. गाडी नेहमी एकाच दिशेने उभी असायची, हे आत्ता लक्षात आले. फक्त उन्हाकडची बाजू रंगवली तर चालेल का?

पहिले उत्तर देणारे
एकच बाजू रंगवू नका. सावलीकडचा लालही थोडा उतरलेला असणार आणि डब्याच्या कोपऱ्यावर दोन्ही लाल शेजारी आले की फरक उठून दिसेल. वळचणीखालच्या पट्टीशी ताडून रंग जुळवा आणि डबा सर्व बाजूंनी रंगवा. त्याआधी क्रमांक आणि रेघ यांचे मोजपट्टी शेजारी ठेवून समोरून फोटो काढा. त्यावरून नवी डेकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरे आणि रेघा, त्याच मापाची छापून घेता येतील.