आजीच्या लुगड्यांची गोधडी: किती थर, कोणता दोरा, कुठून सुरुवात?

ट्रंकवाली:
आजीच्या ट्रंकेत ७ नग आहेत. ४ सुती नऊवारी (पैकी एक इरकल), २ सहावारी व्हॉइल आणि १ रेशमी जरीकाठी. वाटून घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा त्यांची एक डबल बेडची गोधडी आणि घरात येणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवायचं सगळ्यांच्या मते ठरलंय. सगळं हातानेच. मशीनवर ब्लाउज शिवण्याइतकी शिवण येते, पण गोधडीला कधी हात लावलेला नाही.

प्रश्न असे: एवढ्या कपड्यात किती थर बसतील? दोरा कोणता आणि किती लागेल? शिवायला कडेपासून घ्यायचं की मधून? रेशमी साडी आत घातली तर चालेल का? आणि कापायच्या आधी काही करायचं राहून जाऊ नये, तेही सांगा.

धावदोरा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण कात्री लागल्यावर त्याला उत्तर नसतं. प्रत्येक लुगडं पूर्ण उलगडून दिवसाउजेडी फोटो काढा: पदराचा एक, काठाचा जवळून एक, अंगाचा एक. कुठलं लुगडं कोणत्या कार्यातलं हे सांगणारं माणूस घरात असेल तर आत्ताच विचारून लिहून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा की एखादं न कापता ठेवायचंय का. धुण्याच्या आधी विचारा, कारण ट्रंकेतला तो वास एका धुण्यात जातो.

आता हिशेब. नऊवारी म्हणजे ३२४ इंच, पन्हा साधारण ४५. डबल बेडला ८८ × ८८ ची गोधडी पुरते. ९० इंचाचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की एक थर होतो. एका नऊवारीतून असे ३ तुकडे निघतात आणि ५४ इंच उरतं. चारांतून १२ तुकडे. ५ थरांना १० लागतात, म्हणजे दोन हाताशी राहतात, आणि ते लागतातच. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसायचा भाग, कासोटा आणि घोट्याजवळचा काठ आधी विरतो. उजेडासमोर धरा. दोन बोटांत ताणल्यावर धागे सरकून जाळी दिसली तर तो तुकडा आतल्या थरात. फाटलाच असेल तर टाकून द्या, आत घातला तरी तिथे खळगा पडतो.

५ थर पुणे-नाशिकच्या थंडीला ठीक. मुंबईत किंवा कोकणात वापरायची असेल तर ३ थरांवर थांबा, नाहीतर गोधडी कपाटातच राहील. सगळ्यांत धड दोन लुगडी वर आणि खाली, विरलेली मध्ये. लोक नेमकं उलटं करतात. आजीचं सगळ्यात आवडतं (म्हणजे सगळ्यात जास्त नेसलेलं, म्हणून सगळ्यात जीर्ण) लुगडं वर लावतात आणि दोन वर्षांत त्याच्या चिंध्या होतात. ते वर दिसायलाच हवं असेल तर त्याचा पदर तेवढा धड लुगड्यावर ठिगळासारखा लावा आणि त्यावरून टाके जरा दाट घ्या.

इरकलीचं वेगळं. पारंपरिक इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी, दोन्ही विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत. जोड असतो तिथून पदर कापून बाजूला ठेवा. उरलेल्या अंगातून बहुधा ९० चे ३ तुकडे तरीही निघतात, मोजून घ्या.

रेशमी साडी आत अजिबात नको. जुनं रेशीम घडीवर चिरतं, सुती थरांवर घसरतं आणि जर टोचते. तिच्या काठांच्या उशांच्या खोळी होतील, नाहीतर तशीच ठेवा.

आडवा_धागा:
वरच्या उत्तरात धुण्याचं राहिलं, आणि निम्म्या गोधड्या तिथेच बिघडतात.

नवीन असो वा ४० वर्षांची, प्रत्येक साडी आधी कोमट पाण्यात तासभर भिजवून खळ पूर्ण काढा. पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत पाणी बदला. खळ राहिली तर सुई जड जाते, आणि कसरीला तेच खाद्य. पिळू नका, दाबून पाणी काढा. जुनं कापड ओलं असताना स्वतःच्याच वजनाने फाटतं, म्हणून दोरीवर लांबवर पसरून वाळत घाला, एका जागी लटकवू नका.

रंग जातो का हे बघायला ओल्या पांढऱ्या रुमालाने काठ आणि अंग दोन्ही घासा. लाल, काळा आणि गडद निळा यांच्यावर विश्वास ठेवू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो हे घरोघरी सांगतात, पण जाणारा रंग त्याने थांबत नाही. रुमाल रंगला तर ते लुगडं आणखी दोन-तीनदा वेगळं धुवा. तरीही रंग जात असेल तर फिक्या लुगड्याला लागून ठेवू नका, मध्ये गडद थर घाला.

काठांबद्दल. काठ दाट विणीचे असतात. अंग आटतं, काठ तेवढा आटत नाही, मग कडेला चुण्या येतात. शिवाय पाच थरांचे काठ एकावर एक आले की तिथून सुई जात नाही, मोडते. वरच्या थराचा काठ शोभेला ठेवा. आतल्या थरांचे काठ कापून काढा, पण फेकू नका, कडेच्या पट्टीला ते उत्तम.

जोडही एकावर एक येऊ देऊ नका. एका थराचा जोड उभा, पुढच्याचा आडवा. पाच थरांत तरीही एका रेषेत तीन येतील, म्हणून एका थरात एक तुकडा लांबीत मधोमध चिरून त्याचे दोन अर्धे दुसऱ्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लावा. आतले थर शिवायची गरज नाही, इंचभर एकमेकांवर चढवले की पुरे. वरच्या आणि खालच्या थराला मात्र मशीनची टीप मारा. सगळं हातानेच करायचा हट्ट इथे सोडा, हा जोड कोणाला दिसत नाही आणि हाताच्या टाक्यात तोच पहिला उसवतो.

कापताना आडवा एक धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापा. टराटरा फाडणं नव्या कापडाला चालतं, जुनं वाटेल तिकडे जातं.

धावदोरा:
धुण्याचं खरंच राहिलं होतं. काठांचंही पटलं.

दोरा: सुतीच. मशीनचा पॉलिस्टर दोरा कापडापेक्षा चिवट असतो. जुन्या मऊ सुतात तो सुरीसारखा चालतो, टाक्याच्या भोकापासून कापड कापलं जातं. ८ नंबरचा पर्ल कॉटन (भरतकामाचा पीळदार सुती दोरा) घ्या, १० ग्रॅमच्या गुंडीत साधारण ८० मीटर असतो. ओळींमध्ये बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर धरलं तर ८८ इंचात सुमारे ११७ ओळी, आणि वळणं-गाठी धरून ३३० मीटर दोरा. पाच गुंड्या एकदमच घ्या. नंतर आणलेल्या गुंडीची छटा वेगळी निघते आणि ते चटकन दिसतं.

एका वेळी दोन हातांपेक्षा लांब दोरा ओवू नका. पीळ पडतो, गाठी होतात, शेवटी दोरा विरतो. पीळ पडलाच तर सुई खाली लोंबू द्या, आपोआप उलगडतो. सुई मोठ्या नेढ्याची पण बारीक अंगाची. दाभण नको, भोकं राहतात. मधल्या बोटाला अंगुस्तान लागणारच, पाच थर उघड्या बोटाने ढकलले तर दुसऱ्या दिवशी शिवणं बंद.

मांडणी: फरशी पुसून कोरडी करा आणि थेट फरशीवर मांडा. चटई किंवा सतरंजीवर मांडली तर गोधडी सतरंजीलाच शिवली जाते, हे हसण्यावारी नेऊ नका. खालचा थर चारी बाजूंनी थोडा मोठा ठेवा. तो उलटा अंथरून कडा फरशीला चिकटपट्टीने ताणून लावा. ताणून म्हणजे फक्त सुरकुती जाईल इतकंच. एकेक थर मधून कडेकडे हाताने सारखा करत पसरा. मग वीत-वीत अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. याला दोन-तीन तास जातात आणि सगळे हेच टाळतात.

शिवायला मधून सुरू करा. मधली उभी ओळ, मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. इंचाला तीन टाके, वर आणि खाली सारखे. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग ओढा, पण कापड गोळा होईल इतकं ओढू नका. एका ओळीला २०-२५ मिनिटं लागतात, म्हणजे सगळी मिळून ४०-५० तास.

वाकळ:
मधून सुरुवात ही नव्या क्विल्टिंगची रीत. आमच्याकडे वाकळ (म्हणजे गोधडीच) कडेपासून आत शिवतात. चारी कडांनी एक फेरी, तिच्या आत दुसरी, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. कडा आधी पक्क्या झाल्या की काम कितीही दिवस रेंगाळलं तरी थर सुटत नाहीत. शिवाय दोन-तीन जणींना एकाच वेळी वेगवेगळ्या कडांना बसता येतं, आणि घरातलं काम असेल तर मला हेच महत्त्वाचं वाटतं. मधून शिवायला घेतलं की बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

मात्र एक धोका आहे. प्रत्येक फेरीत वरचं कापड थोडं थोडं आत ढकललं जातं आणि शेवटच्या हातभर चौकोनात फुगा येतो. तो नंतर दाबून बसत नाही. त्यासाठी कच्चे टाके विती-विती ऐवजी चार बोटांवर घ्या आणि दर चार फेऱ्यांनी मधे हात फिरवून बघा. कापड सैल लागलं तर मधले कच्चे टाके उसवून ते कडेकडे सारून परत घाला. कोपऱ्यावर वळताना शेवटचा टाका बरोबर कोनात पडू द्या. गोल वळलात तर दहाव्या फेरीला चौकोनाचा लंबगोल होतो.

गाठ वर दिसू देऊ नका. थरांच्या मधून सुई घालून दोरा हलकेच ओढला की गाठ आत जाते.

कडेला खालचा जास्तीचा थर दुमडून वर आणायचा किंवा काठाची पट्टी लावायची. पट्टीच लावा. तोंडाशी येणारी कड सगळ्यात आधी मळते आणि विरते. पट्टी उसवून नवी लावता येते, दुमडलेला थर बदलता येत नाही.

आडवा_धागा:
एकट्याने शिवणार असाल तर मधून, घोळक्याने बसणार असाल तर कडेपासून. वाद इथेच मिटवूया.

दुपट्याचं कोणीच बोललं नाही. ४० × ४० इंच, ३ थर, एका व्हॉइलमधून आरामात निघेल, जोडही लागत नाही. टाके बारीक, इंचाला चार-पाच, म्हणजे बाळाची बोटं अडकणार नाहीत. जर, टिकल्या, बटणं, लोंबणारे गोंडे काही नको. पट्टी काठाची नको, त्याच व्हॉइलची.

त्याआधी एक विचारते: ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का? असतील तर ते कापड बाळाला वापरू नका, धुतलं असलं तरी. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या लाल रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते. बाळाला ही कमतरता आहे का, हे जन्मतः दिसून येत नाही. आणि दुपटं गुंडाळायला, मांडीवर घ्यायला ठीक आहे. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा भोवती सैल पांघरूण ठेवू नका.

ट्रंकवाली:
गोळ्या होत्या. भरपूर. मग दुपट्याला दोन्ही व्हॉइल बाद?

अजून दोन विचारते. कुठलं लुगडं कुणाचं, कधीचं, हे गोधडीवरच लिहून ठेवायला मार्करची शाई टिकेल का? आणि एवढी मोठी गोधडी धुवायची कशी?

आडवा_धागा:
बाळासाठी बाद. गोळ्यांत न ठेवलेली एखादी वापरातली जुनी सुती साडी घरात कोणाकडे तरी असेलच, आईची किंवा मावशीची. व्हॉइल मोठ्या गोधडीत घाला, एका सहावारीतून ९० चे दोन तुकडे, म्हणजे एक थर होतो. शिवायच्या आधी सगळंच चार-पाच दिवस वाऱ्यावर ठेवा. ऊन थेट नको, रंग विटतो.

धावदोरा:
मार्कर नको, शाई पसरते आणि विटते. पांढऱ्या सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहून त्यावर उलट्या टाक्याने दोन पदरी दोऱ्यात भरा आणि पट्टी गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात शिवा. नाव, साल आणि "हिरवं लुगडं, बारशाचं" एवढं पुरे. कापलेल्या प्रत्येक लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा वेगळा ठेवा. पुढे ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा तोच लागतो.

वाकळ:
सुकी गोधडी दोन-अडीच किलोची, ओली दुपटीहून जड. म्हणून एका दोरीवर घालू नका, मधले टाके ताणून तुटतात. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून आडवी पसरा आणि मधे एकदा पलटा. धुणं वर्षातून दोनदा, बाकी दर महिन्याला उन्हात तासभर, पालथी. मशीनमध्ये मावली तरी जोराने पिळायचं चक्र नको. पावसाळ्यात धुवूच नका, आतले थर वाळत नाहीत आणि बुरशीचे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या चादरीत बांधा, सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी घाला आणि दर दोन महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या आता कशातच नकोत, घरात बाळ येणार आहे. आणि ही गोधडीही गोळ्यांतल्याच कापडाची, म्हणून बाळाला तिच्यावर ठेवू नका.