मदत हवी आहे: ग्रॅच्युइटी १४ लाखच का?

रानमोगरा: बाबांना ग्रॅच्युइटी १४ लाखच मिळाली. २० लाख मंजूर झालेत ना? विधानसभेने मंजूर केल्यावर जुनी मर्यादा आपोआप उठत नाही का? ऑफिसात कुणी धड बोलत नाही. शेजारचे काका बाबांच्याच वर्षी निवृत्त झाले, त्यांना २५ मिळाले. अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा. लवकर.

काटेकोर: राज्य, केंद्र, जिल्हा परिषद की महामंडळ? निवृत्तीची तारीख?

निवृत्त_नाना: ३० जूनला निवृत्त असतील तर १ जुलैची काल्पनिक (पेन्शनच्या हिशोबापुरती धरलेली) वेतनवाढ मागा. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२३ चा निकाल आहे. मी भांडून घेतली.

रानमोगरा: सरकारीच हो, जलसंपदा. काका रेल्वेत अधिकारी होते. बाबांची तारीख ३१ मे.

ठसका: म्हणजे जन्मतारीख १ जून! मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्माला घातलाय.

काटेकोर: ३१ मे, पण कुठल्या सालचा?

रानमोगरा: २०२४. आणि हो, १ जूनच :) हिशोब १५ लाखांच्या वर गेला होता, १४ वर आणून कापला.

काटेकोर: काकांना केंद्राचे नियम. तिथे महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावर १ जानेवारी २०२४ पासून मर्यादा २५ लाख झाली. राज्यात १४ चे २० झाले ते १ सप्टेंबर २०२४ पासून. बाबा तीन महिने आधी सुटले. आणि यात विधानसभा कुठे आली? निर्णय मंत्रिमंडळाचा, जीआर (शासन निर्णय) वित्त विभागाचा. विधानसभा खर्चाच्या मागण्या मंजूर करते, त्याने मर्यादा हलत नाही. जीआरमध्ये जी तारीख, तिथून पुढे.

कोर्टकचेरी: साफ चूक. संसदेने २०१८ लाच ग्रॅच्युइटी कायदा बदलून १० चे २० लाख केले, २९ मार्चपासून लागू. कायदा मोठा की जीआर?

काटेकोर: त्याच कायद्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या वाचा. राज्य सरकारच्या पदावर असलेला आणि ग्रॅच्युइटीचे वेगळे नियम लागू असलेला माणूस त्यातून वगळलाय.

कोर्टकचेरी: मग सर्वोच्च न्यायालयाचा डी. एस. नाकारा खटला, १९८२! तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येत नाही. सरळ मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा.

काटेकोर: नाकारा खटला पेन्शनबद्दल आहे. ग्रॅच्युइटीच्या मर्यादेवर अमरनाथ गोयल खटला, २००५. तेव्हा १ लाखाचे अडीच झाले होते, १ एप्रिल १९९५ पासून. त्याआधी निवृत्त झालेले हरले. तिजोरीवरचा भार हे कारण न्यायालयाने मान्य केलं. लाखभरासाठी वकील लावायचा का, तुमचं तुम्ही बघा.

ठसका: आमदारांच्या पगाराला विधेयक लागतं, ते २०१६ ला बरं झालं पटकन!

रानमोगरा: म्हणजे अर्ज करायचाच नाही?

काटेकोर: फरकासाठी नको. रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) आलं का बघा, त्याला ही मर्यादा लागत नाही.

निवृत्त_नाना: रजा रोखीकरणाचाही मला दांडगा अनुभव आहे. सविस्तर लिहू का?