कॅज्युअल्टीतली पहिली ड्यूटी: तुमच्या हाती कोणते काम आले होते?

शुभ्रवेश

परवा माझी भाची सुट्टीसाठी आमच्याकडे आली होती. ती जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणे उरकल्यावर तिने दिवाणावरची जाड उशी जमिनीवर घेतली, गुडघे टेकले आणि हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबतात तशी, मोठ्याने आकडे मोजत, ती दाबायला सुरुवात केली. "अगं, त्या उशीने तुझे काय घोडे मारले आहे?" असे तिच्या आईने विचारल्यावर सगळे हसले. मी मात्र तिचे आकडे ऐकत राहिले, कारण ती तीसपर्यंत जात होती आणि आम्हाला पंधरावर थांबायला शिकवले होते. एकटी असल्यास १५ दाबांमागे २ श्वास आणि दोघी असल्यास ५ दाबांमागे १ श्वास, असा आमचा हिशेब होता. ३० दाबांमागे २ श्वास ही पद्धत २००५ च्या सुधारणेनंतर आली.

१९९५ साली मी एका जिल्हा रुग्णालयात नर्सिंग शिकत होते. कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, माझ्या पहिल्याच रात्री पन्नाशीच्या एका गृहस्थांना रिक्षातून आडवे घालून आणले. नाडी लागत नव्हती. मी पुढे सरसावले, तोच इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "तू घड्याळाखाली उभी राहा आणि काय काय होते ते वेळेसह लिही." तो मला अपमानच वाटला. हाताशी कागद नव्हता, म्हणून मी तळहातावर लिहू लागले. काही वेळाने डॉक्टरांनी ॲड्रिनॅलिनचे शेवटचे इंजेक्शन कधी दिले, असे विचारले, तेव्हा एकाने दोन मिनिटे सांगितली, दुसऱ्याने पाच; माझ्या हातावर २.४७ लिहिलेले होते. ते गृहस्थ वाचले नाहीत. केस पेपर पूर्ण होईपर्यंत सिस्टरांनी मला हात धुऊ दिला नाही.

आपल्या शिकाऊ दिवसांत अशा प्रसंगी तुमच्या हाती पहिले कोणते काम दिले गेले, ते कृपया लिहावे.

पऱ्हाटी

माझ्या हाती ॲट्रोपिनच्या, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवरील औषधाच्या, अँप्युल्स आल्या. मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. २०१७ साली फवारणीतून शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना झालेल्या विषबाधेच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या असतील. मी त्यानंतर दोन वर्षांनी शिकायला लागले, पण पावसाळ्याचे ते महिने आले की विभागात अजूनही ताण जाणवायचा. रुग्ण आत येण्याआधी वास येतो, लसणासारखा उग्र. तोंडातून लाळ, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वॉर्डातल्या मदतनीस मामांनी आणि मी हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढले व साबणाच्या पाण्याने अंग धुतले. ते कपडे पिशवीत बंद करायचे असतात, परंतु मी पाणी आणायला वळले तेवढ्यात त्यांच्या आईने तो ओला शर्ट उचलून छातीशी धरला होता. तो त्यांच्या हातून सोडवून त्यांचे हात धुणे मला अँप्युल्स फोडण्यापेक्षा कितीतरी अवघड गेले.

फुप्फुसे कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात, त्यामुळे एकामागून एक काच फोडताना माझी दोन बोटे कापली. पहाटे तो रुग्ण हवेतून धागे ओढल्यासारखे हातवारे करू लागला. मी घाबरून सिस्टरांना बोलावले. त्यांनी बाहुल्या पाहिल्या, नाडी मोजली आणि औषध आता जास्त होत असल्याचे डॉक्टरांना सांगितले. बाहेर बसलेल्या काकांनी मात्र तोवर लिंबू आणायला माणूस पाठवला होता.

ब्रदरच म्हणा

लिंबू आमच्याकडेही येते, आणि येताना मिरच्या घेऊन येते. माझ्या हाती पहिले काम म्हणून स्ट्रेचर आले, कारण वर्गात आम्ही दोघेच मुलगे होतो आणि सर्वांनी आम्हाला वॉर्डबॉयच समजले. नंतर एका आजीबाईंनी मला डॉक्टर समजून गुडघेदुखीसाठी गोळी मागितली. ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, ही मधली पायरी लोकांच्या लक्षात यायला माझा पदविकेचा काळ पुरला नाही.

सड्यावरची

पऱ्हाटी, बोटे बरी झाली असतील अशी आशा आहे.

माझ्या हाती काचेची नळी आली. कोकणात भातकापणीच्या दिवसांत फुरसे आणि घोणस चावलेले रुग्ण येतात. चावलेला साप कोणता हे नातेवाईक छातीठोकपणे सांगतात आणि तिघांची तीन उत्तरे असतात, म्हणून रक्तालाच विचारावे लागते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले आहे. मी मोठ्या उत्साहाने घासून लख्ख केलेली नळी आणली. सिस्टरांनी ती नाकाला लावली, साबणाचा वास ओळखला आणि परत दिली. साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही, आणि मग गरज नसताना प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या चढवल्या जातात. त्यांची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रिनॅलिन भरून शेजारी ठेवलेले असते. दुसरी नळी मी टेबलावर ठेवली आणि कोणाचा धक्का लागू नये म्हणून वीस मिनिटे दोन्ही हात पसरून टेबलापाशी उभी राहिले.

पुढच्याच आठवड्यात लाल विंचू चावलेला आठ वर्षांचा मुलगा आला. घामाने चिंब, आणि पाय बर्फासारखे गार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या प्राझोसिनच्या उपयोगाचा पाठपुरावा केला, ती गोळी त्याला देण्यात आली. दर थोड्या वेळाने त्याचे तळपाय चाचपून ते ऊबदार होतात का, एवढेच मी पाहायचे होते. सकाळी तो म्हणाला, "ताई, गुदगुल्या होतात."

मोबाईलवरून लिहिते आहे

गुदगुल्या वाचून डोळे भरून आले. दूध गॅसवर आहे, सविस्तर नंतर लिहीन.

सोलापूरची आजी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी विद्यार्थिनी होते. आदल्या दिवशीच गणपतींचे विसर्जन झाले होते. ट्रकमधून येणाऱ्या जखमींना पाहून मी एकाच खाटेपाशी खिळले, तेव्हा आमच्या ट्यूटर बाईंनी माझ्या हाती चिकटपट्टीचे रीळ आणि पेन दिले. नाव, गाव आणि आल्याची वेळ लिहून पट्टी कपाळावर लावायची होती. ज्यांना नाव सांगता येत नव्हते, त्यांच्या पट्टीवर मी अंगावरच्या लुगड्याचा रंग लिहीत गेले. त्यावरून दोन घरांना आपली माणसे सापडल्याचे मला नंतर कळले. बाकीच्या पट्ट्यांचे काय झाले, ते मला ठाऊक नाही.

लेबर रूमवाली

माझ्या हाती गुडघ्यावर मारायची हातोडी आली. झटके आलेल्या बाळंतिणीसाठी मॅग्नेशियम सल्फेट तयार करताना चार अँप्युल्समधल्या ८ मिलिलिटर औषधात १२ मिलिलिटर पाणी मिसळून २० करायचे, हे मी रात्रभर पाठ केले होते. प्रत्यक्षात सिस्टरांनी ते स्वतः केले आणि मला गुडघ्याची उडी, श्वास आणि लघवी यांवर लक्ष ठेवायला बसवले. पुढच्या इंजेक्शनआधी गुडघा उडालाच नाही. माझे चुकत असेल असे वाटून मी तीनदा मारून पाहिले आणि मग संकोचून सांगितले. औषध जास्त झाल्याची ती खूण होती; सिस्टरांनी भरलेले इंजेक्शन खाली ठेवले आणि त्यावरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ घेतले. त्या बाईंनी शुद्धीवर आल्यावर गुडघा का दुखतो, असे विचारले होते.

एक वाचक

मी या क्षेत्रातली नाही. उशीवरून विचारते: आमच्यासारख्यांनी एखाद्याची छाती दाबताना फासळी मोडली तर काय करावे?

शुभ्रवेश

दाबत राहावे. फासळी जुळून येते. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल, तर नुसते दाबही चालतात. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी शेजारी गुडघे टेकायला सांगून ठेवावे.

आजी, लुगड्याचा रंग मी भाचीला वाचून दाखवला. ती काल हॉस्टेलवर परत गेली. तिथल्या सरावाच्या पुतळ्याच्या कपाटाची किल्ली मिळत नाही म्हणून उशी सोबत घेऊन गेली आहे, आणि वहिनी मला नवी आणायला सांगत आहेत.