फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून: मराठी-कन्नड मजकुराच्या कामासाठी योग्य आहे का?

प्रश्न (निपाणी):
माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. आमच्या भागात लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल पुष्कळदा मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत करावे लागतात. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून जुळवण्यास २४ इंची मॉनिटर अपुरा पडतो, म्हणून ४३ इंची फोर-के टीव्ही संगणकाला जोडला. जागा भरपूर मिळाली. परंतु काळी अक्षरे बरी असली तरी पत्रिकेतील लाल अक्षरांच्या कडा पसरट दिसतात, अनुस्वार पुसट होतो आणि माउसचा बाण हातामागून रेंगाळत येतो. टीव्ही परत करावा का?

उत्तर (खानापूर):
परत करण्याआधी जोडणी तपासावी. काळा मजकूर ठीक आणि लाल मजकूर पुसट, हे रंगाची माहिती कमी करून पाठवली जात असल्याचे लक्षण आहे. ४:२:० पद्धतीत प्रत्येक पिक्सेलचा उजेड स्वतंत्र असतो, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकच असतो. चित्रपटात ते जाणवत नाही, अनुस्वारासारख्या बारीक ठिपक्यात मात्र लगेच जाणवते. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ (म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र रंग) निवडावे, टीव्हीवर संगणक जोडलेल्या एचडीएमआय पोर्टचा वर्धित सिग्नल चालू करावा आणि इनपुटचा प्रकार 'पीसी' ठेवावा. पीसी किंवा गेम मोडमध्ये टीव्हीचे चित्रसंस्करण कमी होते, त्यामुळे बाणही हाताबरोबर चालू लागतो. संगणकाचे पोर्ट एचडीएमआय १.४ असेल, तर फोर-के पूर्ण रंगासह ३० हर्ट्झलाच (सेकंदाला ३० चित्रे) मिळते. ६० हर्ट्झसाठी दोन्हीकडे २.० हवे.

उत्तर (शहापूर, बेळगाव):
वरील उत्तराशी सहमत आहे. आकार आपण योग्य निवडला आहे: ४३ इंची फोर-केवर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल येतात, आपल्या जुन्या मॉनिटरवर, तो फुल एचडी असल्यास, सुमारे ९२. ५५ इंचीवर ते ८० वर येतात, म्हणून टेबलावरील अक्षरकामासाठी तो मी कोणालाही सुचवणार नाही. शार्पनेस कमी करावा, कारण तो जास्त असल्यास शिरोरेषेभोवती पांढरी कड उमटते. शिवाय पत्रिकेचा रंग 'व्हिव्हिड' (भडक रंगांच्या) मोडमध्ये कधीही ठरवू नये. पडद्यावर झळाळणारा केशरी छपाईत हमखास मंद उतरतो आणि ग्राहक नाराज होतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. इनपुट 'पीसी' करून ४:४:४ निवडताच लाल अक्षरे स्वच्छ झाली, कन्नडमधील ओत्ताक्षरेही (जोडाक्षरांत खाली येणारी छोटी अक्षरे) वाचता येतात. बाण मात्र अजून थोडा अडखळतो, कारण संगणक ३० हर्ट्झच दाखवतो. ग्राफिक्स कार्डाला डिस्प्लेपोर्ट १.२ आहे, त्यातून मार्ग निघेल का?

उत्तर (खानापूर):
निघेल. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० देणारा ॲक्टिव्ह (सिग्नल स्वतः रूपांतरित करणारा) अडॅप्टर घ्यावा. साधा पॅसिव्ह अडॅप्टर घेऊ नये, कारण त्याने ३० हर्ट्झची मर्यादा तशीच राहण्याची शक्यता अधिक.