कॉलेजच्या हॉस्टेलवरचं पहिलं वर्ष: तुमचे अनुभव लिहा (ठाणे-नवी मुंबई)

माझी भाची यंदा परभणीहून नेरूळला शिकायला येतेय. कॉलेजच्याच हॉस्टेलमध्ये खोली मिळालीय. मी पंधरा वर्षांपूर्वी बेलापूरला अशाच हॉस्टेलमध्ये चार वर्षं काढली, पण नुसत्या माझ्या आठवणींच्या भरवशावर तिला पाठवायला मन होईना. माहितीपुस्तकात छापलेलं असतं ते नको. पहिल्या सहा महिन्यांत काय अडलं आणि कशानं सुटलं, तेवढं लिहा. मुलंमुली, पालक, रेक्टर, सगळ्यांनी.

सुरुवात मी करते. खोलीचा ताबा घेताना एक फॉर्म भरून घेतात: कॉट, गादी, टेबल, कपाट, पंखा. बाबांची परतीची गाडी होती, त्या घाईत मी न बघता सही केली. कपाटाची कडी आधीच तुटलेली होती आणि खिडकीची काच तडकलेली. चौथ्या वर्षी खोली सोडताना दोन्हीचे पैसे डिपॉझिटमधून कापले. फॉर्मवर सही माझीच, मग बोलणार काय?

घणसोली, बीएस्सी आयटी

ताई, फोटो काढून त्याच दिवशी रेक्टरना मेल करायचे, म्हणजे तारखेची नोंद राहते. नळ आणि खिडकीच्या जाळीचेसुद्धा. जाळी फाटकी असेल तर सामान लावण्याआधी बदलून मागा.

ऐरोली, मेकॅनिकल, मूळ सांगोला

पैशांचं लिहितो. सरकारी वसतिगृहात माझा नंबर लागला नाही तेव्हा घरी सगळ्यांनी हाय खाल्ली होती. समाजकल्याण कार्यालयातल्या एका बाईंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज भरायला लावला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर ही योजना आहे. आपल्या भागासाठी मला कळलेला आकडा वर्षाला 60 हजार: भोजन 32, निवास 20, निर्वाह 8. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच काढून आणा. मला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पुन्हा सांगोल्याला जावं लागलं, दोन दिवसांचे लेक्चर बुडाले. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. आणि पैसे वेळेवर येतील असं धरून चालू नका. मेसवाल्या काकांना मी आधीच खरं सांगितलं होतं, त्यांनी तीन महिने थांबून घेतलं. न सांगता थकवलं असतं तर कार्ड बंद झालं असतं.

खारघर, आर्किटेक्चर

आमच्याकडे गरम पाणी पहाटे 5 ते 6:30. रात्रभर ड्रॉइंगची शीट चालायची, उठायला सात वाजायचे. मी 1500 वॅटचा रॉड आणला. वॉर्डन मॅडम फेरीला आल्या की तो बॅगेत. खोलीतला साधा प्लग 6 अँपिअरचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला फार तर 1380 वॅट. हे शाळेत शिकले होते, पण रॉड लावताना आठवलं नाही. डिसेंबरात एका सकाळी सॉकेट वितळलं, बोर्ड काळा पडला. शेजारच्या कॉटवर मैत्रीण झोपलेली होती. तो वास अजून आठवतो. त्याच आठवड्यात मजल्यावरच्या 14 जणींनी सह्या करून अर्ज दिला आणि पाण्याची वेळ साडेआठपर्यंत वाढली. तीन महिने लपवाछपवी केली, अर्जाला एक दिवस लागला.

सानपाडा, बीफार्म तिसरं वर्ष

वर फाटक्या जाळीचं लिहिलंय, ते माझ्या बाबतीत घडलं: डेंग्यू झाला. पहिल्या वर्षी गणपतीनंतर ताप भरला. 103. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. परीक्षा जवळ होती म्हणून घरी कळवलं नाही. रूममेटने पाय मुरगळला तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या दिल्या, आयबुप्रोफेन. मी दोन घेतल्या. आज औषधशास्त्र शिकतेय म्हणून कळतं: डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घ्यायचीच नाही, रक्तस्राव होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मला वाटलं बरी झाले. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, दात घासताना हिरडीतून रक्त. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री पावणेबाराला दोघींनी मला रिक्षात घातलं. रुग्णालयात विचारलं, रक्तगट? घरचा नंबर? कशाची अ‍ॅलर्जी? माझा फोन लॉक, मी ग्लानीत. दोघींनी तीन मैत्रिणींना फोन करून आईचा नंबर मिळवला. आई-आप्पा सकाळी पोचले. आप्पा काहीच बोलले नाहीत, नुसते पायाशी बसून राहिले.

सहा दिवसांनी परत आल्यावर आम्ही खोलीच्या दारामागे कागद चिकटवला: तिघींची नावं, रक्तगट, घरचे दोन-दोन नंबर, अ‍ॅलर्जी, जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय. आता पूर्ण मजल्यावर प्रत्येक दारामागे तो आहे. आणि बादल्या. पाणी दुपारी जातं म्हणून सगळ्या भरून ठेवायच्या, झाकण कुणाच्याच नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून रविवारी आम्ही सगळ्या बादल्या रिकाम्या करून घासतो आणि सुकवतो.

कळवा, डिप्लोमा, मूळ धुळे

मी अहिराणी बोलायचो म्हणून सीनियर रात्री एकला उठवून ‘बोलून दाखव’ म्हणायचे. हसायचे. पुढे उभं करून ठेवू लागले. आम्ही तिघांनी रेक्टरना लेखी दिलं आणि पोच घेतली. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हॉस्टेलमधल्या कुणाशी बोलायची भीती वाटत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, 1800-180-5522. मी आधी तिथेच फोन केला होता, मग लेखी देण्याचा धीर आला.

चिपळूण, एका मुलाची आई

माझा मुलगा ठाण्यात शिकतो. रोज फोनवर ‘जेवलास का’ विचारायचे, तो ‘हो’ म्हणायचा. दिवाळीला आला तर सात किलो कमी. मेस त्याला सोसत नव्हती, झोप नव्हती, आणि नापास होऊ या भीतीने तो कुणाशी बोलत नव्हता. आता मी ‘आज कुणाबरोबर जेवलास’ असं विचारते. त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. त्याने स्वतःहून 14416 वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नंतर कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे जाऊ लागला.

निवृत्त रेक्टर, नवी मुंबई

वीस वर्षं मुलांच्या हॉस्टेलवर राहिलो. रात्री दोनला दार वाजवलंत तरी चालतं. रेक्टरला हॉस्टेलमध्येच खोली देतात ती त्यासाठी. सकाळपर्यंत वाट पाहिल्याने बिघडलेली दुखणी मी फार पाहिली. आणि पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याला जाऊ नका. तिथे बंदी असते, तरी मुलं मागच्या वाटेने जातात. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा अचानक येतो. तिथे विद्यार्थी बुडाले आहेत.

धागा काढणारी

भाचीने सगळं वाचलं. दाखले काढायला आजच तहसीलला गेलीय. तिचा एकच प्रश्न उरलाय: ढेकूण असतील तर?

घणसोली, बीएस्सी आयटी

ताई, बॅग गादीवर टेकवण्याआधी गादीच्या शिवणी आणि कॉटचे सांधे टॉर्चने बघायला सांगा. काळे बारीक ठिपके दिसले तर खोलीत सामान न्यायचंच नाही, सरळ ऑफिसमध्ये जाऊन फवारणी मागायची. एकट्या खोलीची नको, दोन्ही बाजूंच्या खोल्यांचीही. नाहीतर आठवड्याने परत येतात.